मुलुंडची ‘ला षोडशी’

काही घरांत रिकाम्या बरण्या साठतात ना, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. फेकवत नाहीत, आणि ठेवून करायचं काय तेही कळत नाही! मग कधीतरी मैत्रिणी जमतात, एखादी म्हणते, "अगं, नवीन क्रीम आलंय, सुरकुत्या गायब!" आणि माझं झाकण उडतं. कारण बाई गं, मी त्या सुरकुत्यांवर पोट भरलंय!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. बी.ए. झालेली, टायपिंग येत होतं, तरी कोणी नोकरी देईना. तेव्हा मुलुंड पश्चिमेला वागळे मॅडमच्या ब्युटी सेंटरमध्ये लागले. पहिला मजला, खाली फरसाणवाला. त्याने ढोकळ्यावर फोडणी टाकली की वर मोहरी-हिंगाचा भपकारा. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की मॅडम डोळे मिटून सांगायच्या, "हर्बल आहे ना सगळं!"

आम्ही विकायचो सुरकुत्यांवरचं क्रीम. नाव ‘षोडशी’. पण नुसत्या षोडशीला मुलुंडमध्ये कोण विचारतो? म्हणून मॅडमनी पुढे ‘ला’ लावला. ‘ला षोडशी’! झालं फ्रेंच! डबी दिसायला मोठी, पण तळाला ही जाड काच, आत माल कुंकवाच्या करंड्याएवढा. किंमत ऐकून बायका खुर्चीत बसायच्या आणि नवरे उठून उभे राहायचे.

मॅडमचा नियम एकच. वर आलेली बाई रिकाम्या हाताने खाली जाता कामा नये! "जिना चढून आली ना? म्हणजे मनातून तिला माहितीय आपण म्हातारे दिसतो. आपण फक्त खात्री पटवायची!" एखादी निसटली की मी आणि माझ्याबरोबरची मंदा, दोघी दिवसभर बोलणी खायचो. मंदा विक्रोळीची, मूळची मालवणकडची. तोंडाला फटकळ. पण नोकरी दोघींनाही हवी होती, म्हणून गप्प!

*

खात्री पटवायचं आमचं हत्यार म्हणजे भिंगाचा आरसा. खाली ट्यूबलाइट. त्यात तोंड घातलं की विशीतल्या पोरीला पण स्वतःची आजी दिसायची! बायका "अगं बाई!" म्हणून मागे सरायच्या, आणि मॅडम डबी पुढे सरकवायच्या.

एकदा घाटकोपरच्या एका शाळेतल्या बाई आल्या. गणित शिकवायच्या. आरशात त्यांनी शांतपणे पाहिलं, जणू पोराची वही तपासतायत.

"हा आरसा सगळ्यांना असंच दाखवतो?"

"आरसा कशाला खोटं बोलेल?" मॅडम म्हणाल्या.

"बघू." असं म्हणून बाईंनी आरसा गर्रकन मॅडमकडे फिरवला. वाकून, चष्मा सारखा करून त्यांचा चेहरा निरखला. मग विचारलं, "तुम्ही स्वतः लावता हे क्रीम?"

"म्हणजे काय!" मॅडमची मान ताठ. "पाच वर्षं लावतेय. न चुकता!"

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलून चालू पडल्या.

मंदा पडद्यामागे तोंडात टॉवेल कोंबून हसत होती. संध्याकाळी सगळे टॉवेल तिलाच धुवावे लागले!

*

मॅडमची दुसरी युक्ती म्हणजे अर्धा चेहरा. गिऱ्हाइकाच्या फक्त एका गालाला मसाज, लेप, ब्लीच सगळं करायचं, दुसरा तसाच ठेवायचा. मग आरसा दाखवून म्हणायचं, "बघा फरक! आता डबी घेतलीत तर दुसरी बाजू लगेच फ्री!" खरं काम ब्लीच करायचं आणि हार क्रीमच्या गळ्यात. अशी अर्धी गोरी होऊन रस्त्यावर कोण जाणार? बायका गपचूप पैसे काढायच्या.

मंदाने एकदा तिच्या शेजारच्या परबकाकूंना आणलं. मॅडमनी उजवा गाल चकाचक केला आणि किंमत सांगितली. काकूंनी एकदा डबीकडे बघितलं, एकदा मॅडमकडे. "ह्या भावात सोन्याचा काय तरी येता!" असं म्हणून उठल्या आणि तशाच, अर्ध्या चेहऱ्याने, विक्रोळीला गेल्या!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी काकू जिन्यावर हजर.

"माजो घोव काल माका बगून दचकलो! म्हणता, ह्या बाजूनं बगलंय तर नवी बाईल, त्या बाजूनं बगलंय तर जुनी. दोघींका पोसूक माका जमाचा नाय! आता एकतर दुसरी बाजू करून देवा, नायतर ही पुसून टाका!"

आत दोन नवीन गिऱ्हाइकं बसलेली. मॅडमनी दात ओठ खात दुसरा गाल फुकट करून दिला. काकू जाताना म्हणाल्या, "मानेचा काय ता?"

*

सासू-सुनांना मॅडम हमखास म्हणायच्या, "तुम्ही दोघी बहिणी का हो?"

एका सासूबाईंना याचा इतका आनंद झाला, की त्यांनी आरशात न बघताच दोन डब्या घेतल्या. एक सुनेच्या हातात देऊन म्हणाल्या, "घे गं. तुला जास्त गरज दिसतेय!"

*

डबीवर मोठ्या अक्षरात ‘पॅरिस’ छापलेलं. त्या काळात फॉरेनचं काहीही असलं, अगदी रिकामा डबा असला, तरी लोक शोकेसमध्ये ठेवायचे. पण आमच्या छापखानेवाल्याने एका लॉटला घोटाळा केला. सवयीने खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात आपल्या छापखान्याचं नाव टाकलं. पुढे ‘भांडुप’!

एका बाईंनी नेमकं खोकं उलटं केलं. "पॅरिस भांडुपला कधी आलं?"

मॅडम डगमगल्या नाहीत. "माल पॅरिसचा. पॅकिंग फक्त भांडुपला."

"हो का? मग मी भांडुपलाच उतरते ना! इथपर्यंत आणायचा खर्च तरी वाचेल!"

*

मिसेस प्रधानांचं मात्र मी आजही नाव काढते. बँकेत होत्या. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या. असलं गिऱ्हाईक मॅडमना फार आवडायचं. त्या आत आल्या आणि मॅडमनी मला डोळ्याने खूण केली. खूण म्हणजे काय, तर बाहेर काढलेल्या चपला उचलून काउंटरच्या मागे ठेवायच्या! "चोऱ्या फार होतात हो," हे सांगायला. खरं म्हणजे चपलांशिवाय बाई जाणार कुठे?

मिसेस प्रधान चार वेळा उठल्या. चारही वेळा मॅडमनी बसवलं. "घेऊ नका हो, कोण जबरदस्ती करतंय? नुसती ट्रायल! आठ दिवस वापरा, फरक वाटला तर ठेवा!" हे आमचं रोजचं पालुपद.

"माझ्या चपला द्या ना," मिसेस प्रधान म्हणाल्या.

"देते की. आधी हा हात इकडे करा."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम वळल्या आणि मिसेस प्रधान गायब! अनवाणी गेली बिचारी, असं वाटलं मला. मग मॅडमचं दाराकडे लक्ष गेलं आणि त्या किंचाळल्याच. त्यांच्या नव्या कोऱ्या उंच टाचांच्या सँडल जाग्यावर नव्हत्या!

मॅडम अनवाणी जिना उतरल्या. मागून मी, हातात प्रधानबाईंच्या चपला घेऊन. फरसाणवाला झारा हातात धरून बघत राहिला. भाजीवालीपाशी मिसेस प्रधान सापडल्या. भेंडी मोडून बघत होत्या.

"अहो! माझ्या सँडल!" मॅडम धापा टाकत म्हणाल्या.

मिसेस प्रधानांनी पायांकडे बघितलं, तशाच हळू आवाजात म्हणाल्या, "नुसती ट्रायल आहे हो. आठ दिवस वापरते. फरक वाटला तर ठेवीन!"

*

क्रीमने एखादीला पुरळ उठायचं. ते होणारच. पण मॅडमकडे त्याचंही उत्तर तयार! "अरे वा! हे तर चांगलं लक्षण. आतलं वय बाहेर पडतंय!"

एकदा एक काका बायकोला घेऊन आले. दिंडोशीला राहायचे, फार सज्जन माणूस. काकूंचे दोन्ही गाल टोमॅटोसारखे लाल. मॅडमनी आपलं "वय बाहेर पडतंय" सुरू केलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"पडू दे. पण उद्या सकाळी मुलीला बघायला येतायत. तोपर्यंत ते वय परत आत कसं घालायचं, तेवढं सांगा!"

काकू रडायलाच लागल्या. "मुलाच्या आईला वाटेल आमच्या घरात रोग आहे. आधीची दोन स्थळं अशीच गेली हो!" मॅडमनी थंड दूध लावायला सांगितलं आणि डबी परत घ्यायला साफ नकार दिला.

आठवड्याने काका-काकू परत जिना चढताना दिसले. मला वाटलं, आता वाट लागली! काकांनी पिशवीत हात घातला, मॅडम खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या. पिशवीतून निघाले पेढे!

झालं होतं असं. काकू पदराने गाल झाकून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. समोर मुलाची आई बसलेली, ती पण पदराने गाल झाकून! दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हळूहळू दोघींचे पदर खाली आले. इकडे टोमॅटो, तिकडे टोमॅटो!

मुलाच्या आईने एकच शब्द विचारला. "मुलुंड?"

काकूंनी मान हलवली. मग दोघींनी मिळून मॅडमना अर्धा तास शिव्या दिल्या. पत्रिका बघायची कोणाला आठवणच राहिली नाही!

मॅडमनी पेढा तोंडात टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना सांगायला लागल्या, "आमच्या क्रीमने लग्नं पण जुळतात!"

*

ओक आजी मात्र कशालाच न घाबरता आल्या होत्या. दुपारची वेळ, दुकान रिकामं. कठडा धरून, मध्ये थांबत थांबत त्या वर आल्या. सत्तरीच्या तरी असतील. मंदाने सवयीने भिंगाचा आरसा पुढे केला. आजींनी बघितलं आणि म्हणाल्या, "हं, बरोबर दाखवतो." मग कापडी पिशवीतून एक फोटो काढला. नऊवारी नेसलेली, ठसठशीत कुंकू, खोप्यात गजरा, अशी एक तरुण मुलगी.

"मला असं दिसायचंय. संध्याकाळपर्यंत."

मॅडमनी तोंड उघडलं. "आजी, क्रीमला थोडा वेळ..."

"वेळ नाही गं. आजारपणापासून आमचे हे मला ओळखत नाहीत. भरवायला गेले की तोंड फिरवतात. म्हणतात, ‘तुम्ही कोण? माझ्या बायकोला बोलवा, तिच्या हातून जेवीन.’ आणि तिची वाट बघत उपाशी बसतात. काल दिवसभरात नुसतं पाणी प्यायले."

मी मॅडमकडे बघत होते. वाटलं, आता दोन डब्या गळ्यात मारणार. मॅडम उठल्या, आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि आजींना खुर्चीत बसवलं. फोटो समोर टेकवला. विरळ पांढरे केस काळे केले, गंगावन लावून खोपा घातला. मंदाला गजरा आणायला खाली पिटाळलं. स्वतःच्या कानातल्या कुड्या काढून आजींच्या कानात घातल्या. क्रीमच्या डबीला हातसुद्धा लावला नाही. आजी पिशवीत हात घालायला लागल्या, तर मॅडमनी तो धरून खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आजी परत आल्या. डोक्यावर पदर, साधं पातळ. आम्ही तिघी दाराशीच.

"ओळखलं का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

मंदाने तोंड फिरवलं. आजी खुर्चीत टेकल्या, दम खाऊन म्हणाल्या, "बघत राहिले माझ्याकडे. कितीतरी वेळ. मग उठून उभे राहिले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणतात, ‘बाई, तुम्ही दिसायला फार सुंदर आहात. पण माझं लग्न झालंय. बायको एवढ्यात येईल. तुम्ही निघा बघू!’"

"मग?"

"मग काय, निघाले! आत जाऊन खोपा सोडला, रोजचं पातळ नेसले आणि ताट घेऊन परत आले. मला बघून यांना इतकं हायसं वाटलं! म्हणाले, ‘बरं झालं तुम्ही आलात. आत्ता इथे कोणीतरी बाई आली होती. हिला सांगू नका हं!’ नाही सांगत म्हटलं. मग पोटभर जेवले, माझ्या हातून."

आजींनी डोक्यावरचा पदर खाली घेतला, पिशवीतून अबोलीचा गजरा काढून मॅडमच्या हातात दिला आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसल्या.

"घाल गं आज पण तसाच खोपा. आज किती वेळाने हाकलतात, बघू!"