चकल्यांचे पैसे

शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा. चौथीनंतर माझी शाळा सुटली, आणि अक्षर तर तेव्हाही वाईटच होतं. पण मुलाशी भांडले, त्याची माफी मी मागणार नाही.

अमेरिकेत टेक्ससमधल्या प्लेनोत मुलाकडे राहते. घरात तळणाचा वास नको म्हणून माझी शेगडी गॅरेजमध्ये. दिवाळीत इथले मराठी लोक माझ्याकडून चकल्या नेतात. पैसे मुलाच्या फोनवर येत. मागच्या दिवाळ्यांचे सगळे पैसे त्याने मला न विचारता परसात फरशी बसवण्यात घातले. मी मुळातच कमी बोलते, तेव्हाही गप्प राहिले.

यंदा नात गॅरेजमध्येच अभ्यासाला बसली होती, गरम चकली मिळते म्हणून.

"काय वाचतेस गं?"

"सिव्हिल वॉर, आजी. म्हणजे घरातल्या घरात फाइट. इंग्लंडच्या किंगने न विचारता टॅक्स घेतला, लोक लढले, त्याचं डोकंच कापलं. मग इकडे आलेले इंग्लिश लोकपण म्हणाले, न विचारता टॅक्स देणार नाही. शेजारी शेजाऱ्याशी लढला."

"जिंकले?"

"हो. पण त्यांच्याकडेच स्लेव्ह्ज होते. फुकट काम. त्यावरून अजून एक वॉर. सर म्हणतात, अशा वॉर्समधूनच हे देश मोठे झाले."

"फुकट राबले, त्यांना मागचे पैसे मिळाले?"

तिने पान उलटून पाहिलं. "नाही, आजी."

मी शेगडी बंद केली. सोऱ्यात पीठ तसंच राहिलं.

संध्याकाळी मुलगा आला. "आई, लोक येतायत. डबे भरले नाहीस?"

"आधीचे पैसे दे."

"अगं, घरातच वापरले ना? त्यात तुझं-माझं काय?"

"मग विचारायला काय झालं होतं?"

"बाबा, तू किंगसारखं बोलतोयस," नात म्हणाली. "हेड सांभाळ."

"तू आत जा."

ती हलली नाही. सून दारातून त्याला म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं, आईंना विचार."

त्याने एकेकाला फोन करून ऑर्डरी कॅन्सल केल्या. किती दिवस माझ्याशी धड बोलला नाही. जेवण मात्र मी रोज वाढलं. घर फुटेल अशी भीती वाटायची. तरी दिवाळी चकल्यांशिवाय गेली.

मग एके दिवशी मला बँकेत नेलं, माझ्या नावाचं खातं उघडलं आणि निम्मे पैसे भरले.

"आता तरी शेगडी पेटव."

"बाकीचे आल्यावर."

गेल्या आठवड्यात त्याचा पगार झाला. उरलेलेही भरले. सगळे फिटले.