धानातून काढलेली वाट

परवा तिरोड्याहून येताना डांबरी रस्त्यावर वाळत घातलेल्या नव्या धानाचा वास आला आणि मला माझी लाल, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आठवली. जुनीच घेतली होती, पण माझी होती. पहिल्याच रविवारी टायरची हवा, पाणी, टोपी सगळं तपासून मी बोदलकशाच्या तलावाकडे निघाले. वाटेत रस्ताभर धान पसरलेलं. जीप त्यावरून सहज गेली असती. माझ्या गाडीचं पोट धानात घासलं असतं. परत फिरायच्या विचाराने मला रडूच यायला लागलं.

धान राखणारी बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढी बुटकी गाडी कायले घेतली वं बाई? बसाले का झोपाले?"

"पळवायला!"

"मंग धान सरकवतो. पण मले बसव."

तिने फावड्याने वाट केली, शेतातल्या जावेला हाक मारून राखणीला ठेवलं आणि शेजारी येऊन बसली. सरळ रस्ता लागला तरी मी गाडी जपूनच चालवत होते.

"काऊन रांगून राहिली? हाण न!"

तेव्हा वाटलं होतं, मी तिला फिरवते आहे. पण ॲक्सिलरेटर दाबायला तिनेच लावला. तिचा पदर झेंड्यासारखा फडफडत होता आणि तलाव दिसेपर्यंत आम्ही दोघी नुसत्या ओरडत होतो.