माळावरचं कोर्ट

चांगदेव ओव्हाळ फौजेतून पेन्शनीवर कवठे येमाईला परतला तो चौऱ्याहत्तरच्या मार्चात. ट्रंकेत दोन ब्लँकेटं, एक शिट्टी आणि पलटणीनं निरोपाला दिलेला बास्केटबॉल. उंची सहा फूट तीन इंच. अकरा वर्षं तो पलटणीच्या टीमकडून खेळला होता, आणि आता घराच्या दारातून आत जाताना वाकण्यापलीकडं त्या उंचीचा काही उपयोग उरला नव्हता.

बायको अनसाबाई म्हणाली, "त्या लिंबाला पाटी टांगून देते. टाका त्यात दिसभर."

"आगं, कडी धा फुटांवर पाहिजे. जमीन टणक पाहिजे. असं ढेकळात न्हाई व्हत." आणि बॉल पिशवीत घालून तो कोर्ट शोधायला निघाला.

शिरूरच्या एसटी स्टँडवर त्यानं चहावाल्याला विचारलं, "हितं चांगलं कोर्ट कुठं हाय?"

"बांधाचं हाय का वाटणीचं?"

"खेळायचं."

"सगळी खेळायलाच जात्यात," चहावाला म्हणाला. "पर बारा वर्सं निकाल लागत न्हाई."

दौंडला एका कॅम्पात झकास कोर्ट दिसलं, पण ते आतल्या माणसांसाठी. तारेच्या कुंपणाबाहेर तासभर उभा राहून चांगदेव पुण्याच्या रस्त्याला लागला. यवतला एका ढाब्यावर त्यानं सवयीनं तोच प्रश्न केला, तर ढाबेवाला म्हणाला, "कासुर्डीच्या वर, धनगरांच्या वस्तीपाशी एक हाय. माळावर, उघड्यावर. कुणीबी जावं. वकील लागत न्हाई."

चांगदेव भर उन्हात माळ चढून वर गेला आणि थबकला. समोर खरंखुरं कोर्ट होतं. मुरूम धुमसून केलेली जमीन, चुन्याच्या रेघा, मधोमध गोल, दोन टोकांना लोखंडी खांब, फळ्या, कड्या. त्यानं पावलांनी मोजलं. माप बरोबर होतं.

झालं होतं असं. बहात्तरच्या दुष्काळात वस्तीला खडी फोडायचं काम दिलं होतं. खडी संपली, दुष्काळ संपला नाही. तेव्हा ओव्हरसियरनं कुठल्याशा पुस्तकातला नकाशा काढून हे बांधून घेतलं. लोकांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "कोर्ट." आणि त्याची बदली झाली. लोकांना आनंदच झाला. तालुक्याचा हेलपाटा वाचला. तेव्हापासून दर गुरुवारी भांडणारी माणसं मधल्या गोलात येऊन बसत. फक्त जज्ज तेवढा आला नव्हता.

त्या दिवशी गुरुवार होता.

खाकी पँट, गळ्यात शिट्टी आणि ती उंची बघून पंधरावीस मुंडाशी एकदम उठली. वस्तीतला जाणता म्हातारा हरिबा पुढं आला. "लई वाट बघाय लावली सायेब. गाव कंचं? कूळ कंचं?"

चांगदेवानं सरळ सांगितलं. त्याचा बाप उभ्या जन्मात चावडीची पायरी चढला नव्हता, निरोप ऐकायला खालीच उभा राहायचा. चांगदेव आता काय ऐकावं लागतंय याची वाट बघत राहिला.

हरिबानं जरा विचार केला. "म्हंजी आमच्यात कुणाचाच सोयरा न्हाई. ब्येस झालं. बसा."

खटला मेंढ्याचा होता. मेंढा खांबाला बांधलेला. भामाबाई म्हणत होती माझा, तिचा दीर बबनराव म्हणत होता माझा. चांगदेवानं हात जोडले. "बाबांनो, मी जज्ज न्हाई. मला फकस्त येक बॉल टाकू द्या. लई दिस झालं."

त्यानं रेघेवर पाय लावला, गुडघे वाकवले आणि बॉल सोडला. कडीला न शिवता तो आरपार खाली आला.



"फिर्याद भामाबाईची. बॉल आत, म्हंजी खरी. लागला निकाल," हरिबा म्हणाला. भामाबाईनं मेंढा सोडला आणि चालू लागली.

"मला अपील करायचीय," बबनराव म्हणाला. "वरच्या कोर्टात."

माळाला उतार होता, त्यामुळं पलीकडचा खांब चार बोटं उंच होता. त्याला वस्ती वरचं कोर्ट म्हणायची. भामाबाई मेंढ्यासकट थांबली. चांगदेवानं पलीकडच्या रेघेवर पाय लावून पुन्हा बॉल सोडला. बॉल कडीवर दोनदा फिरला आणि आत पडला.

"आता आपली काय तक्रार न्हाई," बबनराव म्हणाला.

पुढल्या गुरुवारी चांगदेव एसटीनं परत आला, तर चाळीस माणसं होती. दोन आठवडे चांगदेवानं समजावून पाहिलं. हा खेळ हाय, निकाल न्हाई. लोक मान डोलवायचे आणि खटला सांगायचे. शेवटी त्यानं नियम काढला. दोन्ही पक्षांनी पाच-पाच माणसं आणायची आणि स्वतः खेळायचं. खरं तर त्याला न्यायाचं काही पडलं नव्हतं. आपल्याकडं कुणीतरी बॉल फेकावा, एवढंच त्याला हवं होतं.

धोतरं खोचून माणसं उतरली. तीस वर्षं मेंढरं वळलेला बबनराव आडवा उभा राहिला की कुणाची माय व्याली नव्हती पुढं जायची. पण हातात आलेला बॉल तो कुणालाही देत नसे. साठीतली भामाबाई शिट्टी वाजवायची. तिच्यापुढं सख्ख्या दिराचीही गय नव्हती. वर्षभरात खरी भांडणं संपली, तेव्हा लोक खेळायला मिळावं म्हणून शेजाऱ्याचं भांडण मागून आणू लागले.

सत्त्याहत्तरला कुठल्याशा कचेरीतून टपाल आलं. आपल्या कोर्टात दावे किती पडून आहेत, ते कळवावे. चांगदेवानं प्रामाणिकपणे लिहिलं, "एकही नाही. कोर्ट उघड्यावर असून सर्वांस खुले आहे. जमीन टणक आहे. एका कडीस वंगण पाहिजे."

चार महिन्यांनी ट्रॅक्टरमधून दोन बाकं, एक पितळी घंटा आणि साक्षीदारासाठी लाकडी पिंजरा आला. वंगण आलं नाही. बाकं रेघेबाहेर बदली खेळाडूंना ठेवली. पिंजऱ्यात हरिबा बसायचा. तिथून दोन्ही कड्या नीट दिसतात, म्हणायचा.