डॉक्टर जगदाळ्यांचं शिलंगण

शिकारीच्या बाबतीत एक गंमत आहे. शिकार झाली तर सांगायला एकच गोष्ट उरते. नाही झाली तर ढीगभर. आमच्या कार्डिफमध्ये दोन हजार सालानंतर असा बराच ढीग साठला, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींचे धनी एकच, डॉ. जगदाळे. पहिल्यांदाच, कुणाच्या मदतीशिवाय, डोंगरात हरीण मारायला निघणाऱ्यांना या गोष्टी उपयोगी पडाव्यात. निदान काय करू नये ते तरी कळेल.

जगदाळे हाडांचे सर्जन. मी त्यांच्याच हॉस्पिटलात रेकॉर्ड सेक्शनला क्लार्क होतो, आता रिटायर्ड. त्यांच्या सिटिंग रूममध्ये आजोबांचा फोटो आहे. साताऱ्याकडचे आबा, हातात बंदूक, एक पाय मेलेल्या वाघावर. पाहुण्याचा चहा संपायच्या आत त्याला सांगितलं जातं, की शिकार जगदाळ्यांच्या रक्तात आहे. वडील त्याबद्दल कधी बोलत नसत, पण न बोलणं हीच खऱ्या शिकाऱ्याची खूण, असं डॉक्टरांचं मत.

हे वडील नव्वदीचे. दर दसऱ्याला गावाहून फोन करून विचारायचे, "काय, झालं का शिलंगण?" शिलंगण म्हणजे शिकार असंच धरून चाललेल्या, साठीला टेकलेल्या डॉक्टरांना हा प्रश्न दरवर्षी थोडा जास्त टोचायचा.

"वडील आहेत तोवर एकदा 'झालं' म्हणून सांगायचंय," ते फोटोखाली बसून मला म्हणाले. "नाहीतर घराण्याचं माझ्यापाशी संपलं. पण तू कारकून, तुला नाही कळायचं."

मी चहा संपवला. ते खरंच होतं, मला कळत नव्हतं.

*

डॉक्टरांनी बंदुकीचं लायसन्स रीतसर काढलं, नेमबाजीच्या रेंजवर वर्षभर सराव केला, परीक्षाही दिली. स्कॉटलंडातल्या एका इस्टेटीनं दसऱ्याच्या आठवड्यात डोंगर वापरायची परवानगी दिली. वाट दाखवायला माणूस हवा का, असंही विचारलं. डॉक्टर म्हणाले, सह्याद्रीतल्या माणसाला डोंगर दाखवायला कोण लागतं?

बातमी आमच्या महाराष्ट्र मंडळात जाहीर झाली तेव्हा डॉक्टरांच्या पत्नी सुलभावहिनींनी एकच प्रश्न विचारला. "मारलंत तर खाली आणणार कसं?"

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिकडचं नर हरीण सांबराच्या जातीचं, वजनाला दोन माणसांना भारी.  मग सगळे हळूहळू माझ्याकडे बघायला लागले.

नवशिक्यांनी लक्षात ठेवावं, बंदुकीआधी मित्र निवडावेत.

*

हरणाजवळ सरपटत जावं लागतं, म्हणून डॉक्टर मागच्या गार्डनमध्ये सरपटायचा सराव करू लागले. पूर्ण हिरवे कपडे, तोंडाला काळं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणावरून पाहिलं, की मिस्टर जगदाळे गवतात पालथे पडलेत आणि अधूनमधून हलतायत. त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

आलेली दोन्ही पोरं डॉक्टरांच्याच हॉस्पिटलातली. डॉक्टर पडल्या जागेवरून म्हणाले, "आय ॲम फाइन. मी हरणाच्या मागावर आहे."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि डॉक्टरांच्या डोळ्यांवर टॉर्च मारून डोक्याला मार लागलाय का ते तपासायला घेतलं.

*

तिसरा गडी कांबळे. बेसिंगस्टोकला आयटीत, नकाशे वाचण्यात आणि टोमणे मारण्यात हुशार. तो ड्रायव्हर म्हणून यायला तयार झाला, पण सुरुवातीलाच त्यानं भूमिका स्पष्ट केली. "मी बौद्ध माणूस. मारणार नाही, मारा म्हणणार नाही. वाढलंत तर बघू."

निघायच्या आधी वहिनींनी खंडेनवमीची पूजा उरकून घेतली, कारण त्या दिवशी बंदूक डोंगरात असणार होती. कपाटातून रायफल काढून पाटावर ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, उदबत्ती. कांबळे सोफ्यावरून बघत होता.

"डॉक्टर, दसऱ्याला सम्राट अशोकानं शस्त्र खाली ठेवलं, असं आमच्यात मानतात. आणि तुम्ही त्याच आठवड्यात त्याला फुलं वाहताय."

"प्रत्येकाचा दसरा वेगळा," डॉक्टर म्हणाले.

"ते दिसतंयच," कांबळे म्हणाला आणि प्रसादाचा पेढा उचलला.

इस्टेटीवर डंकन नावाचा राखणदार होता. डोंगरात सोडण्याआधी तो पाहुण्याला कागदाच्या निशाणावर एक गोळी झाडायला लावायचा. डॉक्टर आडवे झाले, रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाले, "इथलं धुकं पिवळं असतं का?"

डंकननं दुर्बिणीच्या पुढच्या काचेवरून बोट फिरवलं, वास घेतला, बोट पँटला पुसलं. मग शांतपणे म्हणाला, "उभ्या आयुष्यात बंदुकीला मस्टर्ड लावलेली पाहिली नव्हती."

*

पहिल्या दिवशी सह्याद्रीतला माणूस दलदलीत कमरेपर्यंत गेला. मी आणि कांबळेनं डॉक्टरांना बाहेर काढलं. एक बूट तिथेच आहे.

*

दुसऱ्या दिवशी हरणं दिसली. समोरच्या उतारावर कळपच होता. तासभर दबा धरून झाल्यावर डॉक्टरांनी खुणेनं जेवणाचा डबा मागवला. वहिनींनी दिलेल्या दशम्या, लसणाचा ठेचा, कांदा. वारा आमच्या पाठीकडून समोर वाहतोय, याचा विचार कुणी केला नव्हता. मी डब्याचं झाकण उघडलं मात्र, समोरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. कळप असा उधळला की ठेच्याची चव घ्यायला आम्हीच उरलो.

शिवाय डॉक्टरांचा गुडघा. त्याला ते रोज सकाळी महानारायण तेल चोळायचे, चांगलं वाटीभर.

संध्याकाळी डंकनला विचारलं, वाऱ्याचं इतकं महत्त्व असतं का? तो म्हणाला, "आज दिवसभर तुम्ही कुठं होता ते मला माहीत होतं. आणि मी घरी होतो."

*

शेवटचा दिवस दसऱ्याचा. डॉक्टरांनी तेल लावलं नाही, डबा घेतला नाही, वारा तोंडावर घेऊन चढायला लागलो. गुडघा कुरकुरत होता, पण ते थांबत नव्हते. दुपारी ओढ्याच्या वळणावर तो दिसला. भलंमोठं शिंगाळं हरीण, एकटं, गवतात बसलेलं. डॉक्टर पोटावर सरपटत पुढे गेले. मी आणि कांबळे मागे, माझ्या गळ्यात दुर्बीण. गार्डनमधला सराव अगदी वाया गेला नव्हता.

डॉक्टरांनी नेम धरला. बसलेल्या हरणावर गोळी झाडायची नसते, उठायची वाट पाहायची. आम्ही वाट पाहिली. ते उठलं, आडवं वळलं आणि दोन पावलं चाललं.

गोळी सुटेना.

"उजवा पुढचा," डॉक्टर कुजबुजले. "जुनं फ्रॅक्चर. वाकडं जुळलंय, पण घट्ट जुळलंय. बघ, खूर कसा टाकतो. वजन बाहेरच्या बाजूला घेतोय."

हरीण आणखी थोडं चाललं. डॉक्टरांची दुर्बीण त्याच्या पायाबरोबर सरकत होती.

कांबळेनं हळूच विचारलं, "डॉक्टर, गोळी घालताय, की केस पेपर काढू?"

डॉक्टरांनी रायफल रिकामी केली, गोळी खिशात टाकली आणि उठून बसले. हरणानं आमच्याकडे एकवार पाहिलं आणि लंगडत, कसलीही घाई न करता, टेकाडापलीकडे गेलं.

"एकदा पाय तपासल्यावर," डॉक्टर म्हणाले, "बरं दिसत नाही."

खाली आल्यावर डंकननं डोक्याला हात लावला. लंगडं जनावर हिवाळ्यात टिकत नाही, मारायचं तर तेच मारायचं, हा डोंगराचा पहिला नियम.  शेवटी तोच म्हणाला, "बरं, तुमच्या ऑपरेशनच्या लिस्टवर तरी घ्या त्याला. वेटिंग किती आहे?"

*

मुक्कामाच्या कॉटेजवर आलो. आपटा तिकडे मिळत नाही, पण दारातल्या बर्चच्या झाडाची पानं ऑक्टोबरात सोन्यासारखी पिवळी होतात. कांबळेनं ती ओंजळभर आणली आणि आम्हाला वाटली. डॉक्टरांनी घेतली, पण लक्ष फोनकडे होतं. दरवर्षीच्या वेळेला तो वाजणार होता. कॉटेजचा नंबर वहिनींनी गावी कळवून ठेवला होता, आणि डॉक्टर हरीण मारायला गेलेत, हेही.

"हो म्हणून टाका," मी म्हटलं. "इतक्या लांबून कोण बघतंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सबंध आठवड्यात पहिल्यांदाच त्यांना माझं म्हणणं पटल्यासारखं वाटलं.

फोन वाजला. वडिलांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते इतक्या मोठ्यानं बोलतात की डॉक्टरांनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला. आम्हाला सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"काय विश्वास, झालं का शिलंगण?"

डॉक्टरांनी हातातली पानं चुरगळली.

"नाही दादा," ते ओरडून म्हणाले. "समोर होता. नेम धरला होता. पण लंगडत होता. नाही मारला."

 

"बरं केलंस," वडील म्हणाले. "आपल्यात अजून कुणीच मारलेलं नाही."

"म्हणजे? आणि आबांचा वाघ?"

"तो साहेबानं मारला. आबा तिथं कारकून होते."