टेमघरच्या घाटात सात टक्के

सोसायटीनं चार्जिंगचा पॉइंट दिला नाही, म्हणून ही सगळी भानगड! माझ्या बहिणीची मुलगी प्रज्ञा, तिचं लग्न रिहे गावात, दुपारचं. लग्नात नेसायची तिची पांढरी साडी फॉल-पिको करून माझ्याकडेच होती. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, "पहाटे निघू. लवासात नाश्ता होईतो गाडी चार्ज होईल, तळंही बघू, मग रिहे." नवी इलेक्ट्रिक गाडी, नवा उत्साह. मीही हो म्हटलं.

पिरंगुटला गरमागरम वडापाव खाल्ला आणि टेमघरच्या रस्त्याला लागलो. जाणाऱ्यांनो, लक्षात ठेवा, चढ बॅटरी खातो. लवासात पोचलो, तर ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर एका हॉटेलच्या आवारात ताडपत्रीखाली निघाला. वॉचमन म्हणाला, "बंद है मॅडम, कब से." नाश्ता, तळं सगळं सोडून गाडी वळवली.

परतीलाही आधी चढच. एसी बंद, गाणी बंद, मोबाइलचं चार्जिंगही बंद. बॅटरीचा आकडा सात टक्क्यांवर आला. तेवढ्यात ताईचा फोन. "कुटं हाईस गं? पोरगी दुसरी साडी नेसायला तयार न्हाई!"

मागून दाजी ओरडले, "सांगत हुतो, ब्याटरीवर पोरांची खेळणी चालत्यात!"

मला रडूच कोसळलं. मिलिंदला म्हटलं, "तुझं तळं घाल चुलीत!"

मग उतार लागला. उतारावर ही गाडी थोडी आपोआप चार्ज होते. आठ, नऊ, दहा... मी आकडे मोठ्यानं मोजत होते. सपाटीवर ते पुन्हा घसरले. पिरंगुटच्या चार्जरला ही रांग! तसेच पुढे निघालो आणि घोटावडे फाट्यावर गाडीनं मान टाकली. दाजी मोटरसायकल घेऊन आले. "बस मागं," एवढंच बोलले.

साडी पोचली. प्रज्ञा गळ्यात पडली आणि घाईघाईनं नेसून उभी राहिली. त्रिसरण सुरू झालं तेव्हा माझे डोळे वाहत होते. मिलिंदचं मात्र लग्न बघायचं राहून गेलं. फाट्यावरच्या गॅरेजवाल्यानं साधा प्लग दिला, म्हणून तो निदान जेवणाला तरी पोचला.

घरी आलो. रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. पॉइंटचं पुढच्या वेळी बघू म्हणाले. संध्याकाळी दाजींचा फोटो आला, गोठ्याच्या भिंतीला नवा सॉकेट. खाली त्यांचा व्हॉइस मेसेज: "पाव्हण्यांना सांग, तळ्याकडं जाऊ नका. सरळ हितं या. वायर जाड टाकली हाय."

तो फोटो मी तसाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.