खालच्या मजल्यावरची ताटली

किस्से कुणी जमवत नाही, ते आपसूक जमतात. मसाल्याच्या डब्याच्या तळाशी जिरं, मोहरी, हळद यांचा मिळून एक थर बसतो ना, तसे. डबा घासायला काढला की कळतं, अरे, हे केवढं साठलंय! आमचं बर्लिनचं वर्ष तसंच आहे. लातूरला कुणी विचारतं, "परदेशात काय शिकलास?" आणि मला अभ्यासातलं काही आठवतच नाही. आठवतो तो आमचा ओटा आणि त्याच्याभोवती उभे आम्ही तिघं.

नांदेडच्या कॉलेजातून आम्ही वर्षभराच्या प्रोग्रामला गेलो होतो. अझहर खास नांदेडचा, वडिलांचं शिलाईचं दुकान, जिभेला धार. गजानन भोकरजवळच्या एका खेड्यातला, घरची शेती, तिघांत सगळ्यात हुशार आणि सगळ्यात गप्प. आणि मी लातूरचा. तिसऱ्या मजल्यावर एक लहानसा फ्लॅट मिळाला आणि आमचा संसार सुरू झाला.

*

पहिला किस्सा माझ्यावरच आहे. फ्लॅटमध्ये शिरलो, नळ सोडून बघितला, पाणी आलं. झालं! मी पातेली भरली, बाटल्या भरल्या, चहाचे कप भरले, कचऱ्याचा कोरा डबा होता तोही धुऊन भरून ठेवला. अझहर दारात उभा राहून बघत होता.

"भाई, इथं नळ रोज येतो," तो म्हणाला.

"आज आलाय ना? मग आज भरून घेऊ," मी म्हणालो.

आमच्या लातूरला नळ आठ-आठ दिवस येत नाही; गोदाकाठच्या लोकांना ते दुःख काय कळणार! दोघांनी वर्षभर मला यावरून पिडलं. पण खरं सांगतो, ओट्यावर एक भरलेलं पातेलं दिसल्याशिवाय मला तिथं कधी निवांत वाटलं नाही.

*

गजाननच्या आईनं त्याच्या बॅगेत लोखंडी खलबत्ता घातला होता. दोन स्वेटर काढून ठेवून त्या जागी. मिक्सरमधल्या शेंगदाण्याच्या चटणीला चव येत नाही, असं तिचं ठाम मत. मुलगाही आईवरच गेलेला. पहिल्याच रविवारी सकाळी गडी मांडी घालून बसला आणि ठोक ठोक सुरू केलं.

थोड्या वेळानं बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई. पांढरे केस, ताठ कणा, हाताची घडी. आता, रविवारी तिथं आवाज करायचा नसतो. खिळा ठोकायचा नाही, यंत्र चालवायचं नाही, काही कुटायचं तर नाहीच. बाई भांडायला आल्या होत्या. पण आपल्याकडं कुणी दारात आलं तर ते बसायलाच आलेलं असतं! गजाननला वाटलं, शेजारीण आपल्याला बघायला आली. त्यानं त्यांना "या, या" करून खुर्चीत बसवलं, चहा ठेवला, पोळीवर चटणी घालून पुढं केली आणि पहिल्याच भेटीत त्यांना मावशी करून टाकलं.

बाईंनी चहा घेतला. चटणीनं डोळ्यांत पाणी आलं, तरी पोळी संपवली. जाताना दारात थांबून बोट वर करून म्हणाल्या, "रविवार सोडून कधीही कुटा."

तो नियम आम्ही भिंतीवर लिहिला नाही एवढंच. पाळला मात्र काटेकोर.

*

दुसऱ्या दिवशी मावशींनी केक पाठवला. पांढरी ताटली, निळी किनार, एका बाजूला टवका उडालेला. केक आम्ही उभ्याउभ्या संपवला. गजाननच्या आईनं व्हिडिओ कॉलवर ती ताटली बघितली आणि लगेच बजावलं, "कुणाचं भांडं रिकामं देऊ नको रे. काहीतरी घालून दे."

त्यानं चटणी घालून दिली. ताटली सफरचंदं घेऊन वर आली. आम्ही धपाटे पाठवले. ती बिस्किटं घेऊन आली. शिऱ्याच्या बदल्यात जॅम आला. असं ते सुरूच राहिलं.

एकदा मावशींनी अझहरला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, हे थांबतं कधी? अझहरनं सांगितलं, थांबत नाही. आमच्याकडं भांडं रिकामं परत देत नाहीत. दिलं तर समजायचं, येणं-जाणं संपलं.

यातलं शेवटचं वाक्य त्यानं पदरचं घातलं होतं. पण मावशींनी ते फार गांभीर्यानं घेतलं.

*

एवढं सगळं असून गजाननचं तिथं जमत नव्हतं. आणि तेही कुठं, तर वर्गात.

तिथं सर शिकवतात कमी, विचारतात जास्त. माझ्या म्हणण्यात चूक काय, असं सरच विद्यार्थ्यांना विचारणार. आणि पोरं खुर्चीत रेलून सांगणार! गजाननला उत्तर यायचं. मला त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण सरांची चूक त्यांच्या तोंडावर सांगायची, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

एक दिवस सरांनी त्याचं नाव घेतलं. गजानन ताडकन उठून उभा राहिला, आपण शाळेपासून राहतो तसा. त्या वर्गात कुणी उभं राहत नाही. सरांना वाटलं, याला कुठंतरी जायचं असेल. ते प्रेमानं म्हणाले, "जायचं असेल तर जा, काही हरकत नाही."

आणि हा निघून गेला! तास संपल्यावर बघतो तर बाहेर बाकावर बसलेला.

"आरं, आलास कशाला बाहेर?"

"सर म्हणले जा. म्हणून आलो."

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. नंतर त्यानं वर्गात जाणं कमी केलं तेव्हा ते हसणं मला फार लागलं.

*

मग एका दुपारी त्यानं सांगून टाकलं की तो परत जाणार. अर्ध्यात सोडलं तर वर्ष वाया जाणार होतं आणि मागच्या बाकावर बसायची सवय कायमची लागणार होती, ती वेगळीच. आम्ही दोघांनी समजावलं, चिडलो, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही.

त्यानं वडिलांना फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. ते शेतात होते, मागं वारा ऐकू येत होता. मला वाटलं, आता चांगलं झापतील. ते एवढंच म्हणाले, "ये की. घर हाय."

गजाननने फोन ठेवला. मग म्हणाला, "वरडले असते तर थांबलो असतो."

*

तिकीट रविवारी संध्याकाळचं निघालं.

त्या दिवशी दुपारी बॅगा दारात उभ्या होत्या. ओट्यावर मावशींची ताटली होती, आदल्या आठवड्यात मनुकांचा पाव घेऊन आलेली. गजाननला आता तिच्यात घालायला काही करायचा धीर नव्हता. त्यानं ती घासली, कोरडी पुसली आणि मला म्हणाला, "चल, देऊन येऊ."

मावशींनी दार उघडलं. गजाननने सांगितलं, आज चाललो, तुमचे उपकार लई झाले. आणि दोन्ही हातांनी ताटली पुढं केली.

मावशींनी ती घेतली. आत काही नाही हे बघितलं. उलटी करून बघितली. निळ्या किनारीवरून, उडालेल्या टवक्यावरून अंगठा फिरवला. मग ती परत त्याच्या हातात ठेवली.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही जिना चढून वर आलो. अझहरनं आमच्या हातात ताटली बघितली. गजाननने ती ओट्यावर ठेवली आणि तिच्याकडं बघत उभा राहिला. मग दाराशी गेला, मोठ्या बॅगेची चेन उघडली आणि कपड्यांच्या तळातून खलबत्ता ओढून काढला.

"शेंगदाणे हायेत का रे?"

"हाव, हायेत," अझहर म्हणाला. "पण आज रविवार हाय."

गजाननने खलबत्ता ताटलीशेजारी ठेवला.

"मग उद्या कुटतो."