आमच्या अंड्याची रविवारची सहल

माझ्या बॅगा विमानतळावर कारने गेल्या आणि मी त्यांच्या मागून रिक्षाने. हे मी कॅल्गरीतल्या प्रत्येक पार्टीत सांगते, आणि प्रत्येक वेळी लोकांना वाटतं, ही फेकतेय. मंडळी, एक अक्षर खोटं नाही.

झालं असं की आमच्या कारला मागचा दरवाजा होता, पण तो बाहेरून उघडायचा नाही. दिसायला दरवाजा, प्रत्यक्षात भिंत. सामान आतूनच कोंबायचं. माझ्या दोन अजस्र बॅगा आत घालता घालता मागची सीट गेली. तिसरी बॅग पुढच्या सीटवर. आणि पुढच्या सीटच्या पायाशी बाबांची लाल बादली, वाळूने भरलेली. गिरणी बंद पडल्यावर बाबा भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि आग लागली तर वाळू, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. त्या छोट्या गाडीने कुठेकुठे पेट घेतल्याच्या बातम्या पेपरात आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी बादली गाडीत आली.

"बाबा, बादली काढा ना. बॅग मांडीवर घेऊन मी पुढे बसते."

"बॅग राहिली तरी चालेल, बाय. बादली राहता कामा नये."

तर मुलुंडहून अशी वरात निघाली: पुढे बाबा, बॅगा आणि वाळू, मागे रिक्षात आई, मी आणि आंबोळ्यांचा डबा. मी आयुष्यभर मनात जपलेलं वाक्य अखेर रिक्षावाल्याला म्हणाले, "भैया, उस गाडी के पीछे लो!" त्याने अंड्याच्या आकाराच्या त्या गाडीकडे एक नजर टाकली. "मॅडम, पीछे क्यूँ? आगे भी जा सकते हैं."

विमानतळाच्या अलीकडे हवालदाराने रिक्षा अडवली. रिक्षा इथवरच. वर, दरवाजापर्यंत, फक्त गाड्या. पुढे बाबांनीही गाडी थांबवली. आता एकच मार्ग होता. मी बादली गुडघ्यात आणि बॅग मांडीवर घेऊन कशीबशी पुढे घुसले, आणि आई रिक्षापाशीच राहिली. चालू मीटरच्या साक्षीने आमचा निरोप झाला. "पोचलंस काय फोन कर गो," एवढंच ती म्हणाली. मी वळून बघितलं, तर मागची काच बॅगांनी बुजलेली. आई मला दिसलीच नाही, आणि मी आत जाताना आईला दिसले नाही.

त्या गाडीबद्दल सांगायलाच हवं, कारण आता ती रस्त्यावर शोधून सापडत नाही. बाजारात यायच्या आधीच तिच्यावरून केवढा गदारोळ! कारखान्याच्या जागेवरून भांडणं, मग कारखानाच उचलून दुसऱ्या राज्यात. एकीकडे जन्मायचं ठरलं आणि दुसरीकडे जन्मावं लागलं. बाबा म्हणायचे, "आपल्यातलीच आहे." सामान्य माणसाची स्वस्त गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला, आणि तिथेच तिचं घोडं अडलं. स्वस्त गाडी सगळ्यांना हवी होती, पण स्वस्त गाडीवाला म्हणवून घ्यायला कोणी तयार नव्हतं. एक आमचे बाबा सोडून. रिटायर झाल्यावर त्यांनी ती घेतली आणि पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तिला बिल्डिंगभोवती पाच फेऱ्या मारल्या. पोरांनी लगेच बारसं केलं: अंडं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, पार्किंगला जागा कशाला? घरी घेऊन जा ना, लिफ्टमध्ये मावेल." बाबांनी शांतपणे विचारलं, "तुमची मावते का?"

तिचं इंजिन मागे, सीटच्या खाली. त्यामुळे मागे बसणाऱ्याला बारा महिने शेक. पण आमची आई कोकणातली. तिने त्या शेकात जे पाहिलं ते गाडी बनवणाऱ्यांनाही सुचलं नसेल. डिसेंबरात मुलुंडला जरा गारठा पडला की आंबोळीचं पीठ फुगत नाही. आईने एका रविवारी पिठाचं पातेलं झाकून मागे इंजिनच्या वर ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "चला, खंयतरी जावन येवया." बोरिवलीला दादाकडे जाऊन परत येईपर्यंत पीठ असं टम्म फुगलं, की झाकण वर आलं. तेव्हापासून आमच्या घरी रविवारी सहल पिठासाठी निघायची. माणसं सोबत म्हणून.

कॅल्गरीत माझ्याकडे आठ माणसं बसतील अशी गाडी आहे. बसतो आम्ही तिघं. सीट गरम करायला बटण आहे, आरसा गरम करायला बटण आहे. पण पीठ? ओव्हनचा दिवा लावून रात्रभर ठेवा, ब्लँकेटात गुंडाळा, नवऱ्याच्या टोपीत बसवा. ते हूं की चूं करत नाही. उणे तीसमध्ये ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना मला इंडिया कधीच आठवत नाही. आठवतं ते त्या मागच्या सीटचं ऊबदार रेक्झिन, ज्यावर मी अख्खा मे महिना शिव्या घालत बसले होते.

त्यांची रविवार सकाळ म्हणजे माझी शनिवार संध्याकाळ. तेव्हा आमचा व्हिडिओ कॉल. गेली काही वर्षं तो कायम गाडीतूनच यायचा. आई फोन असा धरते की तिचं निम्मं कपाळ आणि गाडीचं छत दिसावं. बाजूला बाबा, इस्त्रीचा शर्ट, छातीवर पट्टा.

"कुठे निघालात?" मी विचारायची.

"हे काय, निघतोच आहोत," बाबा म्हणायचे. कधी जोगेश्वरीची लेणी, कधी चेंबूरला मावशी. पंधरा मिनिटं बोलणं झालं की, "ठेव आता, गाडी काढतो."

मी सगळ्यांना कौतुकाने सांगायची. अठ्ठ्याहत्तरचे आहेत, अजून दर रविवारी गाडी काढतात! आणि मनात हलकं वाटायचं. तुमच्यातले जे माझ्यासारखे लांब गेलेत त्यांना हे हलकं वाटणं ओळखीचं असेल. एक वर्ष तिकीट महाग होतं, एक वर्ष मुलीची परीक्षा, एक वर्ष नवीन नोकरी. चार वर्षं मी गेले नाही. ते मजेत होते ना!

मग मागच्या डिसेंबरात दादाचा फोन आला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, महिन्याभरात खाली करायची. गाडीच्या कागदांची पंधरा वर्षंही संपत आलीत. सगळं ठरलंय, फक्त बाबा गाडीची चावी देत नाहीत. "तू ये यार. माझी वाट लागलीय. ते तुझंच ऐकतात."

मी गेले. सकाळी पार्किंगमध्ये पहिली नजर अंड्यावर. चारही टायर जमिनीला टेकलेले. चाकांभोवती वाळकी पानं साचलेली, आणि त्या पानांत एक मांजर बाळंत झालेली. दर रविवारी फिरणाऱ्या गाडीखाली मांजर पिल्लं कशी देईल? मी वॉचमनकडे बघितलं. वॉचमनने आभाळाकडे बघितलं.

रविवारी आठ वाजता बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. आई पातेलं घेऊन मागे. मी मागच्या सीटवर बसले. बाबांनी पट्टा लावला, इंजिन चालू केलं, पाठीखाली ती जुनी ऊब आली. आईने थर्मासमधून चहा ओतला. गाडी जागच्या जागी थरथरत होती.

"कुठे जायचं?" मी विचारलं.

"खंय नाय," आई म्हणाली. "चाय पी."

तीन वर्षांपूर्वी बाबांनी गेटच्या खांबाला गाडी ठोकली होती. खांब दिसलाच नाही, काचबिंदू. कोणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून गाडी बंद. दादाला आईने शपथ घातली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस, बाबा गाडी चालवतत मां अजून? ह्येनी हो म्हटल्यानी. तुझा तोंड कसा फुलला, बघूक होया होता. मगे काय करतलो? दर रविवारी खाली येवन बसलो."

माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं, आणि ते निघायला नको होतं. "अहो पण डोळ्यांचं औषध तरी वेळेवर घालता ना?"

बाबा आरशातून हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बघ बाय," ते म्हणाले, "घरातून फोन केला की तू विचारतेस, औषध घेतलंत का. गाडीतून केला की विचारतेस, कुठे निघालात. पहिला प्रश्न म्हाताऱ्याला विचारतात. चावी दिली तर दुसरा कोण विचारणार?"

मी चहाच्या कपात तोंड घालून रडले, याला साक्षीदार तीन पिल्लं आणि एक मांजर.

आईने पातेल्यावरचं फडकं नीट केलं. "हय बसान रडान काय पीठ फुगाचा नाय. गाडी भायर काढ गो."

"कुठे?"

"इमानतळार. तू गेलंस त्या दिसा माका वर सोडूक नाय. माका तो दरवाजो बघूचो आसा."

कागद अजून आठ दिवस जिवंत होते. माझं इंडियातलं लायसन्सही. वॉचमनने मांजरीचं कुटुंब खोक्यात हलवलं, कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने हवा भरली. मी ऐटीत, कॅनडाच्या सवयीने, डावीकडच्या दारातून आत शिरले आणि स्टिअरिंग कोणी पळवलं म्हणून बघत राहिले. गिअर टाकायला उजवा हात जायचा आणि दारावर आपटायचा. बाबा बाजूच्या सीटवर, पायाशी लाल बादली, आणि मुलुंड ते पवई त्यांचा एकच मंत्र: "डावीकडे... डावीकडे... आपलं डावीकडे, बाय!" मागून आई: "हिका कॅनडात लायसन दिल्यानी कोणी?"

आणि आम्ही वर गेलो. कोणी अडवलं नाही. त्या भल्यामोठ्या छताखाली, चकचकीत गाड्यांच्या रांगेत आमचं अंडं उभं राहिलं. शिपाई धावत आला. "किसको छोड़ना है?"

बाबा ऐटीत उतरले. "किसी को नहीं. सब साथ में हैं."

आई पदर सारखा करत दरवाज्यापर्यंत गेली. आत सोडत नाहीत. तिने बाहेरूनच वाकून बघितलं, ट्रॉल्या बघितल्या, आत जाणारी एक मुलगी आणि मागे थांबलेली तिची माणसं बघितली.  शिपायाने शिट्टी मारली तेव्हा परत आली.

"एवढोच दरवाजो?" ती म्हणाली. "आमच्या देवळाचो मोठो आसा." गाडीत बसताना मात्र तिने डोळे टिपलेले मी आरशात पाहिले. या खेपेला मागची काच मोकळी होती. मग पातेल्याचं झाकण उचलत ती म्हणाली, "चला. पीठ फुगला."

घरी आल्यावर बाबांनी चावी माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती. भंगारवाला आला तेव्हा त्यांनी बादली मात्र काढून घेतली.

आता ते मुलुंडलाच भाड्याच्या घरात आहेत. मुलुंडचं आमचं घर पाडलं, त्याचे फोटो दादाने पाठवले. इतकी वर्षं मी "घर" म्हटलं की दुसऱ्या मजल्यावरचा तो दरवाजा डोळ्यांसमोर यायचा. तो आता नाही. आता जे येतं ते हे: रविवारी आठ वाजता एका अनोळखी सोफ्यावर दोघं गाडीत बसल्यासारखी शेजारी शेजारी बसतात. उजवीकडे बाबा, इस्त्रीच्या शर्टात. डावीकडे आईचं निम्मं कपाळ. आणि मी, कितीही जिभेवर आलं तरी, औषधाचं आधी विचारत नाही.

"कुठे निघालात?"

परवा बाबांनी वेगळंच केलं. सोफ्यावर जरा सरकले, मधे जागा केली.

"तू ये," म्हणाले, "मग निघू."

तिकीट काढलंय. यंदा फक्त एक छोटी बॅग.